एका कागदावर संसार मोडू नका

आज ऊसदर नाही, उजनीचं आवर्तन नाही आणि हायवेचा सर्व्हिस रोडही नाही. आजचा विषय पारावर कुणी काढत नाही. काढलाच तर एकजण हसतो आणि दुसरा विषय बदलतो. विषय आहे पुरुषाची वीर्य तपासणी आणि तिचा रिपोर्ट वाचायचा कसा. पोस्ट मोठी आहे. पण घरात लग्नाला वर्ष-दोन वर्षं झालेलं आणि मूल नसलेलं जोडपं असेल तर शेवटपर्यंत वाचा. सासू-सासऱ्यांनी तर नक्की वाचा.

लिहायचं कारण सांगतो. मागच्या महिन्यात आमच्या नात्यातल्या एका मुलीला माहेरी आणून सोडलं. लग्नाला चार वर्षं झालीत. "हिला होत नाही," एवढंच कारण. बैठक बसली, चहा झाला, दोन्हीकडचे चार-चार कारभारी बोलले. तिची दवाखान्याची फाईल मी हातात घेऊन बघितली. सोनोग्राफ्या, रक्ताच्या तपासण्या, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी, सगळं होतं. नवऱ्याच्या नावाचा कागद मात्र एकही नव्हता. मी विचारलं, "पाव्हणं, तुमच्या मुलाची तपासणी?" तर एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "त्याला काय झालंय? चांगला धडधाकट आहे की." बैठकीत पुढं कुणी बोललं नाही. खरं सांगतो, त्यावेळी मीही जास्त बोललो नाही. घरी आल्यावर झोप लागली नाही, म्हणून हे लिहितोय. नाव-गाव सांगणार नाही, कमेंटमध्ये कुणी अंदाज लावू नका.

आता माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं बोलतोय असं वाटायला नको.

मी लोणी देवकरचा. एमआयडीसीत शिफ्टची नोकरी आणि थोडा ऊस. लग्न २०१५ ला झालं. पहिलं वर्ष कुणी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी हळदी-कुंकवाला विचारायला लागले. तिसऱ्या वर्षी विचारणं बंद झालं आणि नुसतं बघायला लागले, ते जास्त लागतं. दोन वर्षं बायकोनं दवाखाने केले. मी गाडी चालवायचो, बाहेर बाकावर बसायचो, बिल भरायचो. एका मोठ्या शहरातल्या मॅडमनी तिची फाईल बघितली, बंद केली आणि माझ्याकडं बघून विचारलं, "ह्यांचा रिपोर्ट कुठंय?" मी इकडं-तिकडं बघितलं. दोन वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता.

मग तपासणी केली. कशी केली ते नीट वाचा, कारण सगळी गंमत तिथंच आहे. नमुना घरी काढला. लाजेनं म्हणा, गडबडीनं म्हणा, सुरुवातीचा भाग डबीच्या बाहेर गेला. ते कुणाला सांगितलं नाही. डबी गाडीच्या डिकीत टाकली आणि थंडीत सव्वा तास गाडी चालवत लॅब गाठली. महिनाभर आधी मी तापानं आठवडाभर आडवा होतो. आणि नाईट शिफ्ट, दवाखाना ह्या सगळ्यात बायकोजवळ गेलो त्याला अकरा दिवस झालेले. ह्यातली एकही गोष्ट लॅबमध्ये मला कुणी विचारली नाही आणि मीही सांगितली नाही.

रिपोर्ट आला. वीर्य १.२ मिली. शुक्रजंतू दर मिलीला ९० लाख. हालचाल २२ टक्के. चांगल्या ठेवणीचे २ टक्के. सगळ्यापुढं लाल अक्षरात "कमी". काउंटरवरच्या पोरानं माणसांसमोर मोठ्यानं सांगितलं, "तुमचं कमी आलंय." मी तो कागद घडी घालून डिकीतच ठेवला, पंधरा दिवस. बायकोला सांगितलं, रिपोर्ट यायचाय. शेवटी तिनंच शोधून काढला. ती एवढंच म्हणाली, "मी दोन वर्षं टोचून घेतलं, भूल घेतली. तुम्हाला एक कागद दाखवायला भीती वाटली?"

ह्या वाक्याला माझ्याकडं आजही उत्तर नाही.

पुढं मॅडमनी मला समोर बसवून एकेक प्रश्न विचारला. ताप कधी आला होता, किती दिवसांचं अंतर होतं, नमुना कुठं काढला, सांडला का, किती वेळात पोचवला. सगळं ऐकून म्हणाल्या, "ह्या कागदावर मी काहीच ठरवणार नाही. तीन महिन्यांनी परत करा, नीट करा."

तीन महिने का? शरीरात शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७०-७५ दिवस लागतात. नंतर नळीतून पुढं येऊन पक्के व्हायला आणखी दहा-पंधरा दिवस जातात. म्हणजे आजचा नमुना तुमच्या आजच्या तब्येतीचा नसतो, अडीच-तीन महिन्यांपूर्वीपासूनचा हिशोब असतो. मधे जोराचा ताप येऊन गेला, टायफॉइड असो की डेंगी, तर त्याचा फटका पुढचे दोन-तीन महिने नमुन्यात दिसू शकतो. अंडकोष शरीराच्या बाहेर का असतात? त्यांना शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड राहायला लागतं म्हणून. ताप त्यांना सोसत नाही.

दुसऱ्या वेळी तीन दिवसांचं अंतर ठेवलं आणि नमुना लॅबच्या खोलीतच दिला. वीर्य २.४ मिली, दर मिलीला २ कोटी १० लाख, हालचाल ४१ टक्के, चांगल्या ठेवणीचे ४ टक्के. माणूस तोच, बायको तीच, गावही तेच. पहिल्या वेळी पूर्ण नमुन्यात १ कोटी ८ लाख शुक्रजंतू होते, दुसऱ्या वेळी ५ कोटींच्या वर.

आणि तरीही दुसऱ्या कागदावर हालचालीपुढं लाल "कमी" होतंच! कारण लॅबच्या छापील फॉर्मवर "५० टक्क्यांच्या वर हवी" असं लिहिलेलं. ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९९ ची जुनी रेषा. २०१० ला संघटनेनंच ती ४० वर आणली होती. माझा रिपोर्ट २०१८ चा, म्हणजे फॉर्म दोन दशकं जुना. मी पास होतो आणि कागद मला नापास म्हणत होता.

म्हणून आता रिपोर्ट वाचायचा कसा ते सांगतो. मी डॉक्टर नाही, औषध सांगत नाही. पण रिपोर्ट हातात आल्यावर घाबरून पळू नये एवढं तरी कळलं पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटना वीर्य तपासणीचं एक पुस्तक काढते. पहिलं १९८० ला निघालं, आताचं सहावं २०२१ चं आहे. त्यातल्या खालच्या रेषा अशा: वीर्य १.४ मिली. शुक्रजंतू दर मिलीला १ कोटी ६० लाख. पूर्ण नमुन्यात ३ कोटी ९० लाख. एकूण हालचाल ४२ टक्के, त्यात पुढं पळणारे ३० टक्के. जिवंत ५४ टक्के. चांगल्या ठेवणीचे ४ टक्के.

आता ह्या रेषा आल्या कुठून ते समजून घ्या, इथंच सगळे फसतात. बाप झालेले आणि न झालेले असे दोन गट करून मधे रेषा मारलेली नाही. १२ देशांतल्या साडेतीन हजारांवर पुरुषांचे आकडे घेतले, आणि हे सगळे असे होते की ज्यांच्या बायकांना प्रयत्न सुरू केल्यावर वर्षभराच्या आत दिवस गेले. त्यांना चढत्या क्रमानं उभं केलं आणि तळातले १०० पैकी ५ जिथं संपतात तिथं रेषा मारली. म्हणजे ह्या रेषेच्या खालीसुद्धा बाप झालेली माणसं आहेत. तळातले पाच टक्के कुठून आले, तर ते बापच होते! उलट रेषेच्या वर असलेल्या प्रत्येकाला मूल होईलच अशी गॅरंटीही नाही. ती खुणेची रेषा आहे, शेताच्या बांधासारखी हद्द नाही.

"चांगल्या ठेवणीचे ४ टक्के" ह्यावरून तर किती घरात रडारड झाली असेल. "९६ टक्के खराब आहेत म्हणे!" अहो, माणसाचं असंच असतं. तपासणी इतकी काटेकोर असते की डोकं थोडं वाकडं, शेपूट थोडं आखूड, की बाजूला. बाप झालेल्यांची खालची रेषाच ४ आहे. एकट्या ह्या आकड्यावर कुणी काही बोललं तर मान डोलवू नका, पुढचं विचारा.

उजनीचंच उदाहरण घ्या, आपल्याला ते लगेच कळतं. पेपरात येतं, "उजनी शून्य टक्के". बाहेरचा माणूस म्हणतो, धरण कोरडं पडलं. आपण हसतो. आपल्याला माहीत असतं की शून्य टक्क्यालाही मृतसाठ्यात ६३ टीएमसीच्या वर पाणी असतं, आणि उणे टक्क्यांतही आपल्या मोटारी चालतात. कारण तो टक्का कशाचा आहे ते आपल्याला माहीत आहे. वीर्याच्या रिपोर्टचंही तेच. टक्का कशाचा, दर मिलीचा आकडा की पूर्ण नमुन्याचा, रेषा कोणत्या सालची, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

नमुना घेण्याचंही तसंच. माती परीक्षणाला आपण बांधावरची किंवा उकिरड्याजवळची माती नेत नाही. तशी नेली तर रिपोर्ट चुकतो, जमीन चुकत नाही. वीर्याच्या नमुन्याचे नियम साधे आहेत. दोन ते सात दिवसांचं अंतर. जमेल तर लॅबच्या खोलीतच द्यावा. घरून आणायचा असेल तर लॅबनं दिलेल्या डबीत, अंगाजवळ खिशात ठेवून, अर्ध्या-एक तासात पोचवायचा. साबण, तेल, थुंकी लावायची नाही. मेडिकलमधला साधा निरोध वापरायचा नाही, त्यातल्या चिकणाईनं शुक्रजंतू मरतात. सांडलं तर सांगायचं, कारण सुरुवातीच्या भागातच शुक्रजंतू जास्त असतात. गेल्या तीन महिन्यांतला ताप, आजार, ऑपरेशन, चालू गोळ्या, सगळं सांगायचं. आणि पहिला रिपोर्ट खराब आला तर दुसरा झाल्याशिवाय कुणीही काहीही ठरवायचं नाही. एकाच माणसाचे आकडे दोन नमुन्यांत दुप्पट-तिप्पट फरकानं येऊ शकतात. दुधाची फॅट एका दिवशी कमी लागली म्हणून आपण म्हैस बाजाराला काढतो का?

"पू पेशी" किंवा "गोल पेशी" लिहिलेलं असलं की लगेच अँटिबायोटिक सुरू होतं, हेही बघितलंय. गोल दिसणारी प्रत्येक पेशी पूची नसते. काही कच्च्या, तयार न झालेल्या शुक्रजंतूंच्या असतात. फरक कळायला वेगळी तपासणी लागते. ती केली का, एवढं विचारा.

आता सगळ्यात अवघड रिपोर्ट. शून्य.

माझ्या एका मित्राचा शून्य आला. त्यानं मला सांगितलं ते रात्री दीडला, पलसदेवच्या पुढं गाडी बाजूला लावून. त्याला वाटलं, आपण पुरुषच नाही. म्हणून एक गोष्ट ठळकपणे लिहितो: शुक्रजंतू नसणं आणि नपुंसक असणं ह्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. दाढी-मिशा, आवाज, ताकद, संबंध, सगळं व्यवस्थित असूनही आकडा शून्य असू शकतो. नसबंदी झालेल्या माणसाचाही शून्यच येतो, त्याला कुणी नपुंसक म्हणत नाही. जगात साधारण शंभरातल्या एका पुरुषाचा असा रिपोर्ट येतो. लोणी देवकरपासून इंदापूरपर्यंतच्या गावांत किती जण असतील, तुम्हीच हिशोब करा. पण एकही जण बोललेला तुम्ही ऐकला नसेल.

शून्यातही दोन प्रकार. एकात शुक्रजंतू तयार होतात पण वाट बंद असते. दुसऱ्यात तयारच कमी होतात किंवा होत नाहीत. आधी नमुना यंत्रात फिरवून तळाचा गाळ तपासायचा, परत दुसरा नमुना द्यायचा, मग हार्मोन आणि गरज पडली तर जनुकांची तपासणी, आणि मूत्ररोग तज्ज्ञांनी हातानं केलेली तपासणी. वाट बंद असेल तर सुईनं थेट अंडकोषातून शुक्रजंतू काढून टेस्ट ट्यूब पद्धतीत वापरता येतात. दुसऱ्या प्रकारातही काहींना मिळतात, काहींना मिळत नाहीत. मिळाले नाहीत तर दात्याचं वीर्य हा मार्ग आहे, आणि २०२१ च्या कायद्यानं ते नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावं लागतं. दत्तकाचाही मार्ग आहे. माझ्या मित्रानं काय निवडलं ते त्या दोघांचं आहे. पण निवडायच्या आधी ती दोघं एकत्र बसली, हे महत्त्वाचं.

आता थोडं कडू बोलतो.

आपला हा पुणे-सोलापूर रस्ता पुण्याकडं धरा. वाटेत उरुळी कांचन लागतं. १९४६ ला गांधीजी तिथं आले, मणिभाई देसाई तिथंच राहिले आणि १९६७ ला त्यांनी बायफ सुरू केली. गोठवलेल्या रेतमात्रा, संकरित गाई, दारात येणारी कृत्रिम रेतनाची सेवा, आपल्या भागातल्या कित्येक गोठ्यांना ह्याची सवय आहे. वळूच्या प्रत्येक नमुन्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते. गोठवायच्या आधी हालचाल बघतात, वितळवून परत बघतात. गाय उलटली की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? "कांडी कोणती होती? कधीची होती? नीट वितळवली होती का?" चारचौघांत, चहा पिता पिता, आया-बहिणींसमोर सुद्धा. माणसाची जनावराशी तुलना करायची नाही मला. पण गोठ्यात जी अक्कल आपण वापरतो ती उंबऱ्याच्या आत आलो की कुठं जाते? घरात प्रश्न फक्त एकीलाच का?

पुरुषाच्या बाजूनं अडचण ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांत साधारण निम्म्या ठिकाणी पुरुषाचा एकट्याचा किंवा दोघांचा मिळून वाटा असतो. आणि एकूण सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार आयुष्यात कधी ना कधी सहापैकी एकाला ही अडचण येते. तरी सोपी, बिनदुखण्याची, कमी पैशांची तपासणी सगळ्यात शेवटी. आणि भूल देऊन पोटात दुर्बीण घालायची तपासणी आधी. हा हिशोब कोणत्या शहाण्यानं लावला?

आपल्याकडची कारणं बघा. अंडकोषातल्या शिरा फुगणं, ही बाप होण्यात अडचण असलेल्या पुरुषांत बऱ्याचदा सापडते. सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही, पण बघून घ्यायला पाहिजे. तंबाखू, गुटखा, दारू. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, तरी तो कुठं मिळतो ते मी सांगायला नको. भट्टी-बॉयलरजवळची नोकरी. फवारणी करताना तोंडाला रुमाल नाही, अंगावर बनियन. आणि नवीन पोरांसाठी खास: जिममध्ये बॉडीसाठी मारून घेतलेली इंजेक्शनं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शरीर म्हणतं, आहे की भरपूर, आणि आतला कारखाना बंद करतं. दंड फुगतो आणि आकडा शून्याकडं जातो. बंद केल्यावर बहुतेकांचा हळूहळू परत येतो, त्याला महिने लागतात, आणि येईलच अशी खात्री नाही. "ताकदीसाठी" म्हणून हेच इंजेक्शन मूल हवं असलेल्या माणसाला देणारेही महाभाग आहेत.

फवारणीवरून एक खरी गोष्ट. १९७७ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियात सूत्रकृमी मारायचं डीबीसीपी नावाचं औषध बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार आपसात बोलायला लागले की आपल्यापैकी बऱ्याच जणांना पोरं होत नाहीयेत. तपासण्या झाल्या. कित्येकांचे शुक्रजंतू शून्य किंवा अगदी कमी निघाले. दोन वर्षांत तिथं त्या औषधाचा बहुतेक वापर बंद झाला. ही गोष्ट आधी कुठल्या साहेबाच्या लक्षात आली नाही, कामगार एकमेकांशी बोलले म्हणून बाहेर आली. लाजत बसले असते तर आणखी किती वर्षं गेली असती?

आणि हे बोलणं मराठी माणसाला नवीन आहे असंही नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ ला 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. लोकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं छापली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. ते मासिक सुरू होऊन शंभरच्या आसपास वर्षं होत आली. आणि आपण अजून रिपोर्ट डिकीत लपवतोय.

आपण बोलत नाही तिथं दुसरेच बोलतात. रस्त्याकडेच्या भिंतींवर, मोबाईलवर, "खात्रीशीर इलाज", "४० दिवसांत संतान", चूर्ण, तेल, कॅप्सूल. असल्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ पासून देशात आहे. पण तक्रार करणार कोण? फसलेला माणूस चौकीत जाऊन काय सांगणार, कशासाठी पैसे दिले म्हणून? लाज हेच त्यांचं भांडवल आहे.

म्हणून माझ्या मागण्या. कुणाला राजकारण वाटलं तर वाटू द्या.

एक, सरकारी दवाखान्यांना. इंदापूरला रुग्णालय आहे, भिगवणला आहे, बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुरुषांच्या तपासणीचा आठवड्यातला एक वार ठरवा, नमुना द्यायला कडी लागणारी स्वच्छ खोली ठेवा, आणि सोय असेल तिथं तसा मराठीत बोर्ड लावा. बोर्ड नसला की माणूस खिडकीवर विचारत नाही, परत फिरतो.

दोन, लॅबवाल्यांना. रिपोर्टवर किती दिवसांचं अंतर, नमुना कधी काढला, कधी तपासला, सांडला का, हे छापा. रेषा कोणत्या सालच्या पुस्तकातल्या आहेत तेही लिहा. आणि रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचा त्याच्याच हातात द्या. काउंटरवरून ओरडून नको.

तीन, गावाला. आशाताई बायकांशी बोलतात, चांगलं काम करतात. पण पुरुषांशी कोण बोलणार? आरोग्य सेवकांना हे काम द्या. ग्रामसभेत नाही जमलं तर एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या आरोग्य तपासणीच्या दिवशी डॉक्टरांचं अर्धा तास बोलणं ठेवा. पोरं ऐकतील, मागं बसून का होईना.

चार, घरातल्या मोठ्यांना. वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत तर दोघांची तपासणी एकाच दिवशी. सुनेचं वय ३५ च्या पुढं असेल तर सहा महिन्यांनीच. मुलाचे दोन रिपोर्ट हातात नसताना सुनेबद्दल एक शब्द नको. आणि दोन रिपोर्ट खराब आले तरी तो काडीमोडाचा कागद नाही, ना तिच्यासाठी ना त्याच्यासाठी. तो उपचार सुरू करायचा कागद आहे.

आता तुम्ही विचारणार, पुढं तुमचं काय झालं? आम्हाला मुलगी झाली, शाळेत जाते, उजनीवरचे रोहित पक्षी बघायचा हट्ट करते. पण ह्यावरून "बघा, दुसरा रिपोर्ट चांगला आला आणि झालं" असा अर्थ काढू नका. कदाचित पहिल्या ९० लाखांवरही झाली असती. कदाचित ५ कोटींवरही झाली नसती. आकडा शक्यता सांगतो, भविष्य सांगत नाही. मला त्या रिपोर्टनं एवढंच शिकवलं की बाकावर बसून बिल भरणं म्हणजे साथ देणं नव्हे.

त्या माहेरी आलेल्या मुलीच्या बैठकीची दुसरी तारीख पुढच्या रविवारी आहे. ह्यावेळी मी गप्प बसणार नाही. तिकडच्या कारभाऱ्यांना एवढंच म्हणणार आहे: आधी मुलाचे दोन रिपोर्ट आणा, तीन महिन्यांच्या अंतरानं, नीट दिलेल्या नमुन्यांचे. मग बसू. तोपर्यंत मुलगी कुठं राहायचं ते तिला विचारा.

कमेंटमध्ये बोलायची लाज वाटत असेल तर मेसेज करा. मी औषध सांगणार नाही, कुणाचं नाव बाहेर जाणार नाही. फक्त तपासणीला जायचं असेल आणि एकट्यानं जायला नको वाटत असेल, तर सोबत येईन. मी बाहेर बाकावर बसेन, मला सवय आहे.